पाव लिटरात सारनाथ

“बाबा, नळीत फेस चढतोय. हे असंच असतं का?”

“असं नसतं. हात नको लावूस, सोडा आहे त्यात.”

विश्वेश्वर पुणतांबेकरांनी स्कूटर बंद केली आणि दारातच फतकल मारली. मुलगी आली म्हणून हौसेनं त्यांनी स्कूटरला जोडलेल्या यंत्राच्या पाण्यात कॉस्टिक सोडा अंमळ जास्तच घातला होता. आता डबा उघडा, रिकामा करा, नवं पाणी भरा. सत्तरीच्या माणसाला उत्साह सोसत नाही तो असा.

यंत्र तसं साधंच होतं. बायकोची, आनंदीबाईंची, स्टीलची ताटं कापून केलेल्या पट्ट्या, त्या एका जाड डब्यात सोड्याच्या पाण्यात उभ्या केलेल्या. बॅटरीची वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन सुटायचा, लोणच्याच्या बरणीतल्या पाण्यातून बुडबुडत वर यायचा आणि नळीनं इंजिनात जायचा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेलेल्या माणसाला यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात दिवसभर मराठीत बोलायला कुणी नसणं. आनंदीबाई गेल्यावर वर्षभर त्यांनी स्कूटरला हात लावला नव्हता. मग हे यंत्र मनात आलं. बरणी बुडबुडायला लागली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. हे अर्थात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

“मोहल्ल्यात सगळे म्हणतायत, पुणतांबेकरजींनी घरात बम बनवलाय,” कस्तुरी म्हणाली. “तिकडे नागपुरात माझा जीव टांगणीला. विका ना ही गाडी आणि चला माझ्याकडे.”

“पाण्यावरची गाडी विकू?”

“पाण्यावर कुठे चालते? पेट्रोलवरच चालते.”

“पण कमी पिते. आई होती तेव्हा पाव लिटरात आशापूरच्या चौकाअलीकडेच मान टाकायची. आता थेट सारनाथला पोचते.”

“मग दाखवा मला. नाही पोचली तर हे सगळं आजच उखडायचं. पक्कं?”

“पक्कं. पोचली तर नागपूरचं नाव काढायचं नाही.”

गाडीचं पेट्रोल मोजायची त्यांची रीत जुनी होती. टाकीची नळी काढायची आणि तिच्या जागी पाव लिटर पेट्रोलची बाटली जोडायची. ती संपली की गाडी थांबते, थांबली ती जागा लक्षात ठेवायची. पूर्वी ही बाटली आनंदीबाई मागे बसून उंच धरायच्या. “सलाईन लावलंय हो गाडीला,” असं रस्त्यातल्या ओळखीच्यांना सांगायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या. पुढे खरोखरची सलाईनची बाटली धरून स्ट्रेचरबरोबर धावायची पाळी विश्वेश्वररावांवर आली. त्यानंतर त्यांनी स्टेपनीला एक हुक ठोकला आणि बाटली तिथं टांगायला लागले.

“हुकाला राहू दे,” ते म्हणाले.

“नको, मी धरते. आई धरायची तशी.”

कस्तुरी लेडीज फूटरेस्टवर पाय ठेवून आडवी बसली. एक हात बाटलीला, एक वडिलांच्या खांद्यावर. गल्लीच्या तोंडाशी पानवाला ओरडला, “का गुरु! पानीवाली गाड़ी पे बिटिया के घुमावत हउवा?” विश्वेश्वररावांनी ऐटीत हॉर्न वाजवला. खांद्यावर कुणाचा हात पडून किती दिवस झाले होते! त्यांना फार बरं वाटलं. मैदागिन मागे पडलं, पांडेपूर मागे पडलं. बरणी छान बुडबुडत होती, इंजिनही गोड चाललं होतं.

आशापूरचा चौक समोर दिसत असतानाच गाडीला उचकी लागली, आणि ती बंद पडली.

“बाटली संपली, बाबा.”

“शक्यच नाही. कुठेतरी गळतंय.”

ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. नळ्या चाचपल्या, तारा हलवून पाहिल्या, जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा भलत्या जागी येईना. त्यांना मनापासून वाटत होतं, काहीतरी बिघडलेलं सापडावं. कस्तुरी रिकामी बाटली घेऊन उभी होती.

“बाबा, हे यंत्र लावल्यापासून बाटली हुकालाच असते?”

“हो. दुसरं कोण धरणार?”

“आणि यंत्राशिवाय कधी एकटे आला होतात इथं?”

“तुझी आई असायचीच ना...”

त्यांच्या हातातला पाना थांबला; तेव्हा मागची सीट कधी रिकामी नसायची. कस्तुरीलाही आपण हे कशाला विचारलं असं झालं.

“तसं नव्हे,” ती घाईनं म्हणाली. “मी आईपेक्षा जाडी आहे. हा निकाल धरायचा नाही. आपण परत कधीतरी करू.”

“कस्तु, कारखान्यात मी असली लबाडी चालवून घेतली असती का?”

त्यांनी टाकीची नळी परत जोडली आणि दोघं घरी आली. ठरल्याप्रमाणे संध्याकाळच्या आत यंत्र उतरलं. बरणी कस्तुरीनं घासून पालथी घातली. नागपूरचा विषय तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रेल्वेत बसताना तिला रडू आवरेना, आणि विश्वेश्वररावांनी तिला उगाचच पाण्याची बाटली नीट ठेवायला सांगितलं.

रविवारी त्यांनी पाव लिटर पेट्रोल मोजून भरलं, बाटली हुकाला टांगली आणि एकटेच निघाले. यंत्र नव्हतं. यंत्रानं काही होत होतं का, एवढंच बघायचं होतं. गाडी आशापूरला थांबली, तर इतके दिवस तिचं पेट्रोल खरंच त्या यंत्रानं वाचवलं असं म्हणता आलं असतं. गाडीनं जास्त पेट्रोल प्यावं असं या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

आशापूरचा चौक आला.

“थांब ग,” ते गाडीला म्हणाले.

लेडीज फूटरेस्ट कस्तुरीनं उघडलं तसंच उघडं होतं. बाटलीत अजून बोटभर पेट्रोल होतं. गाडी चौक ओलांडून सारनाथच्या रस्त्याला लागली आणि हलकी हलकी पुढे जात राहिली.