पुसलेल्या तबकडीवरची टिकटिक

पडद्यावर दोन पर्याय होते. एक, जुनं आहे तसं ठेवून नवं त्याच्या शेजारी बसवायचं. दोन, डिस्क पूर्ण पुसून नव्याने बसवायचं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं, दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या आणि दुसरी निवडली.

यात त्यांना विचार करावा लागला नाही. एकेचाळीस वर्षं घड्याळं उघडण्यात गेली होती आणि जुन्या तेलावर नवं तेल घालायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. आधी घड्याळ सुटं करायचं, चाकन् चाक धुवायचं, वाळवायचं, मगच तेलाचा थेंब. जुन्याच्या शेजारी नवं बसवणं हा त्यांच्या लेखी सरळसरळ कामचुकारपणा होता.

सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं.

दुकानातला कॉम्प्युटर तेरा वर्षांचा होता. त्यावर विंडोज होतं, आणि ते मुकाट्याने काम करत आलं होतं. पण यंत्राचं वय झालं होतं. सकाळी बटण दाबलं की चहा पिऊन, कप विसळून, काउंटर पुसून होईपर्यंत पडदा जागा होत नसे. त्यांची भाची दुसऱ्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती म्हणाली, "मामा, यंत्र ठणठणीत आहे. अंगावरचं ओझं तेवढं उतरव. लिनक्स टाक, विंडोजहून हलकं असतं." मग तिने टपालाने एक लाल पेनड्राइव्ह पाठवला आणि सोबत तिच्या नेटक्या अक्षरात चौदा पायऱ्यांचं पत्र. पहिल्या पायरीखाली दोन रेघा होत्या: आधी सगळ्याची प्रत काढ.

घड्याळजींनी प्रत काढली होती. पडद्यावर 'टिकटिक' नावाचं एक चित्र होतं. ते त्यांनी निळ्या पेनड्राइव्हवर ओढलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रत झाली आणि ते खूश झाले. चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. कपड्यावरचा केस शोधून काढणाऱ्या माणसाचं त्या बाणाकडे लक्ष गेलं नाही, हे नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं.

अकरा मिनिटांत नवं बसलं. यंत्र बंद करून त्यांनी पुन्हा चालू केलं आणि हातातलं घड्याळ बघत राहिले. बत्तीस सेकंद. पडदा स्वच्छ, आतल्या डिस्कच्या तबकडीची खरखर नाही, काही नाही. मग पत्रातली बारावी पायरी त्यांनी केली: घड्याळाचे ठोके ऐकणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. टेबलावरच्या मनगटी घड्याळाला माइक चिकटवताच पडद्यावर ठिपक्यांची रेघ सरकू लागली. रेघ सरळ असली म्हणजे घड्याळ बरोबर, चढली म्हणजे पुढे पळतंय.

पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हा प्रोग्राम कसा लिहिलाय तेही तुला बघता येईल." त्यांनी उघडून बघितलं. शेकडो ओळी, एकीचाही अर्थ लागेना. पण मध्येच कुणी अनोळखी माणसाने नोंद केली होती की जुन्या घड्याळांत एक ठोका लांब आणि एक आखूड पडतो, त्याची इथे काळजी घेतली आहे. घड्याळजी खुर्चीत मागे रेलले. मागचं झाकण काचेचं असलेलं घड्याळ त्यांनी आयुष्यात तीनदा हातात धरलं होतं. हे चौथं. आणि कुठल्या तरी मुलुखात बसलेल्या एका माणसाला हाच लांब-आखूड ठोका रोज ऐकू येत होता.

बरोबर अकरा वाजता ताई आली.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, भाचीची आई. भावाबरोबर तिने या दुकानात जन्म काढला होता. चार वर्षांपूर्वी तिची नजर पूर्ण गेली. चिमटा सुटला, भिंग सुटलं, पण कान राहिला. दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळाचे ठोके ती अकरा वर्षं मिनिटभर रेकॉर्ड करून 'टिकटिक'मध्ये ठेवत आली होती. तेच घड्याळ पुन्हा आलं की भाऊ जुनं रेकॉर्डिंग लावून द्यायचा, ती दोन्ही ऐकायची आणि सांगायची काय बिघडलंय. दुकानात आता तिचं एवढंच काम होतं, आणि त्या कामासाठी ती रोज काउंटरच्या कडेला हात लावत आपल्या स्टुलापर्यंत चालत यायची.

"धाकट्या, गाणंवाल्या बाईंचं भिंतीवरचं आलंय ना?"

"आलंय. लंबक मध्येच थांबतोय म्हणाल्या. उघडायलाच घेतो."

"तुझे हात खाजतात रे नुसते. आधी ऐकू, मग उघड. त्याचं जुनं रेकॉर्डिंग लाव, नंबर दोनशे सात."

त्यांनी निळा पेनड्राइव्ह लावला. 'टिकटिक' दिसलं, कोपऱ्यात बाण. ते दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की ज्या जागेकडे हा बाण दाखवतो, ती जागा सापडत नाही.

पुन्हा दाबलं. तेच.

"काय रे, नवीन आलंय की मुकं आलंय?" ताई म्हणाली.

"बसतंय अजून... अंगवळणी पडायला वेळ लागतो."

"यंत्राच्या की तुझ्या?"

ते मोबाइल घेऊन फुटपाथवर गेले. भाचीने सगळं ऐकलं. मग तिचा आवाज ग्रंथालयातला झाला, हळू आणि कडक.

"मामा, ती प्रत नव्हतीच. दारावरची पाटी तेवढी काढून आणलीस तू. आता माझं नीट ऐक. यंत्र बंद कर. आत्ता. काही टाकू नकोस, काही उघडू नकोस. त्यावर तू जे नवीन लिहिशील ते जुन्याच्या डोक्यावर बसेल. उद्या दहाच्या बसने येते."

"मिळेल ना?"

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग ते आधी कर."

आत येऊन त्यांनी यंत्र बंद केलं आणि ताईला सांगितलं. काही झाकलं नाही: बाण सांगितला, दोन पर्याय सांगितले, तेलाचा नियमही सांगितला. ताईने ऐकून घेतलं. मांडीवरच्या फडक्याची चौकोनी घडी घातली आणि काउंटरवर ठेवली.

"दोन हजार सहाशे चौदा होती," ती म्हणाली.

"ताई, तुझी लेक उद्या..."

"उघड मग बाईंचं घड्याळ. आता कशाला थांबतोस."

काउंटरची कड धरून ती दारापर्यंत गेली. घर दुकानाला लागूनच होतं, पण त्या दिवशी ती बारा वाजता गेली ती परत आली नाही. मंगळवारी अकरा वाजले, तिचं स्टूल रिकामंच होतं. घड्याळजींनी बाईंच्या घड्याळाला हात लावला नव्हता.

भाची त्याआधीच, दहा-दहाला उतरली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत एक मोकळी डिस्क. तिने यंत्र लाल पेनड्राइव्हवरून सुरू केलं, म्हणजे आतल्या तबकडीवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही, आणि एक काळी खिडकी उघडली. नुसती पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही.

"पुसलं म्हणजे नक्की काय झालं गं?" घड्याळजींनी विचारलं.

"सूची जाळलीस तू, मामा. पुस्तकं कपाटांतच आहेत, फक्त कुठलं कुठे ते कुणाला ठाऊक नाही. नव्या पाहुण्याने पहिली दोन-चार कपाटं रिकामी करून आपलं सामान लावलं, तेवढं गेलं. बाकीच्याला कुणी हात लावलेला नाही."

"आणि आता?"

"आता हा प्रोग्राम प्रत्येक कपाटासमोर उभा राहणार. आवाजाची फाइल जिथे सुरू होते तिथे एक ठरावीक खूण असते. ती दिसली की तिथून उचलायचं."

दहा-चाळीसला तिने शेवटचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक आकडा होता: शून्य. तो बराच वेळ शून्यच राहिला. घड्याळजी उभे होते. मग एक झाला. मग एकदम सतरा. मग चाळीस.

खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले ते उठलेच नाहीत. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना भाचीने उद्या बोलावलं. दुपारी एकला आकडा नऊशेवर होता. स्वतःच्या हाताने पुसलेल्या तबकडीतून, जिथे काहीच नाही असं यंत्र छातीठोकपणे सांगत होतं तिथून, एकेक वस्तू वर येत होती. धुतलेल्या घड्याळात जुनं तेल सापडलं तर त्यांना लाज वाटायची. आज ते त्याचीच वाट बघत होते.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे. असं शोधणारं."

"होता कुणीतरी. मग दुसऱ्यांनी हातभार लावला. फुकट ठेवलंय सगळ्यांसाठी."

"त्याचंही काहीतरी पुसलं गेलं असणार आधी," घड्याळजी म्हणाले. "माझ्यासारखा गाढव कुठेतरी होऊन गेलाय, आणि त्याने मागून येणाऱ्या गाढवांची सोय करून ठेवलीय. त्याला कळवता येतं का?"

"येतं की. पत्र लिही. गाढवाकडून गाढवास."

तीन-पंचावन्नला आकडा थांबला. दोन हजार पाचशे एकाहत्तर.

भाचीने खिडकी उघडली आणि घड्याळजींचा चेहरा उतरला. फाइली होत्या, पण नाव एकीलाही नव्हतं. एक अक्षर आणि पुढे लांबलचक आकडे, सगळ्या एका साच्यातल्या. स्क्रूंनी भरलेला ट्रे पालथा झाला की असं वाटतं. प्रत्येक स्क्रू शाबूत आणि एकही कामाचा नाही.

"नावं सूचीबरोबर गेली," भाची म्हणाली. "आता दोनशे सात कुठलं, ते देव जाणे."

"लाव तर एक."

तिने पहिलीच लावली. थोडी खरखर, मग एक आवाज.

*"अकराशे चाळीस. टेबलावरचं, गजराचं. शिंपीकाकांचं."*

आणि मग टिकटिक.

भाचीने दुसरी लावली. *"बावीसशे तीन. मनगटी, बायकी. पट्टा नाही."* तिसरी. *"त्र्याण्णव. खिशातलं."* प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला ताई बसलेली होती.

घड्याळजींना हे माहीत होतं, आणि म्हणूनच ते विसरले होते. अकरा वर्षं त्यांनी त्यावरून तिची टिंगल केली होती. माइक लावला की ती आधी नंबर बोलायची आणि ते भिंग न काढता म्हणायचे, "झाल्या का बातम्या देऊन?" फाइलीला नाव आणि घड्याळाच्या चिठ्ठीवर नंबर लिहिलेला असताना वर बोलायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. वाजवताना तर ते सुरुवातीचे पाच सेकंद सोडूनच देत.

"आईला घेऊन येते," भाची म्हणाली आणि धावलीच.

ताई आली ती तोंड फुगवूनच आली. स्टुलावर बसली. भाचीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि एक फाइल लावली. ताई ऐकत राहिली.

"हा माझा आवाज?" ती शेवटी म्हणाली. "एवढा चिरका?"

"रोज असाच असतो," घड्याळजी म्हणाले.

"तू गप्प बस. पुसणाऱ्याने बोलू नये." मग ती भाचीकडे वळली. "किती आहेत?"

"पंचवीसशे एकाहत्तर. त्रेचाळीस गेली, आई."

"त्रेचाळीस," ताई म्हणाली. हाताने चाचपून तिने फडकं शोधलं आणि मांडीवर पसरलं. "लाव पुढचं."

"ताई, तू नंबर का बोलायचीस गं?" घड्याळजींनी विचारलं.

"तुझं अक्षर वाचता येत नाही म्हणून. माझे डोळे होते तेव्हाही येत नव्हतं."

काम असं चाललं: ताई ऐकायची, नंबर सांगायची आणि घड्याळजी नाव बदलायचे. भाचीने त्यांना काळ्या खिडकीत ओळ लिहायला शिकवलं: आधी हुकूम, मग जुनं नाव, मग नवं. पहिल्या खेपेला त्यांनी एकेक अक्षर शोधून टंकलं, बटण दाबलं आणि वाट बघत बसले. यंत्र काहीच बोललं नाही.

"काय झालं? चुकलं का?"

"नाही रे. झालं काम. बिनसलं तरच बोलतं ते."

घड्याळजींनी यादी उघडून पाहिली. नाव बदललेलं होतं. शिट्टी नाही, शाबासकी नाही. चांगलं घड्याळ असंच चालतं, त्यांच्या मनात आलं, पण ताईसमोर ते बोलले नाहीत.

दोनशे सात बुधवारी सापडलं, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, तीनशे एकोणिसाव्या फाइलीत. ताईने हात वर केला. तिने ते दोनदा ऐकलं, मग हेडफोन काढून मान भिंतीकडे वळवली. तिथे बाईंचं घड्याळ टांगलेलं होतं. घड्याळजींनी लंबकाला हलकेच झोका दिला.

"तेव्हा दोन्ही ठोके सारखे होते," ती म्हणाली. "आता एक लांब, एक आखूड. आतलं काही झिजलेलं नाही. लंबकाला ढकलणारी तार वाकलीय. नेता-आणताना धक्का बसला असेल."

घड्याळजींनी घड्याळ उतरवलं आणि भिंग लावलं. तार केसभर वाकलेली होती. एकही चाक सुटं केलं नाही, काही धुतलं नाही. दोन बोटांनी तार सरळ केली, घड्याळ पुन्हा टांगलं आणि झोका दिला. लंबक चालू लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ताईची मान डोलत होती.

माइक चिकटवून त्यांनी रेकॉर्डिंगच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबले.

"ताई, बोल."

"दोनशे सात," ताई म्हणाली. "भिंतीवरचं, गाणंवाल्या बाईंचं. दुसऱ्यांदा."