माश्यांचे दोन रस्ते

“दादा आयुष्यभर खालच्या रस्त्यानंच गेला. तू एका हिवाळ्यात त्याच्याहून शहाणी झालीस होय, वहिनी?”

आयनारने हे विचारलं तेव्हा तो तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिचीच कॉफी ढोसत होता. सिग्नीने आधी कॉफीचं भांडं त्याच्या हातापासून लांब सरकवलं आणि मग उत्तर दिलं.

“तुझा दादा गेला, आयनार. आता ट्रक मला न्यायचाय. रस्ताही मीच ठरवणार.”

दर जानेवारीत नेब्रास्कातल्या मधमाश्यावाल्यांच्या घरी हाच वाद. कॅलिफोर्नियात बदाम फुलायच्या आत, परागीकरणासाठी भाड्याने ठरलेल्या माश्यांच्या पेट्या बागांमध्ये पोचायला हव्यात. मधे निम्मी अमेरिका, आणि ती ओलांडायला दोन रस्ते. वरचा सरळ पश्चिमेला, वायोमिंगमधून. तिथे बर्फ, आणि भलाथोरला ट्रक आडवा पाडेल असा वारा. खालचा न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोनावरून वळसा घालून जाणारा, लांबचा पण कोरडा आणि उबदार. सिग्नीचा नवरा आर्विड खालूनच जायचा. दिवसा चाकं थांबू द्यायची नाहीत. झोप, जेवण, डिझेल सगळं अंधार पडल्यावर, हा त्याचा नेम.

“आणि दिवसा चाकं थांबलीच तर?” सिग्नी म्हणाली. “उन्हात ट्रक उभा राहिला की माश्या पेट्यांवर टाकलेल्या जाळीतून वाट काढून बाहेर पडतात. थंडीत त्या एकमेकींना बिलगून पेटीतच बसतात. वायोमिंगमध्ये अडकले तर मी एकटी कुडकुडेन. त्यांना काय होतंय?”

“आणि वाऱ्याने उलटलीस म्हणजे?”

“भरलेल्या पेट्या आहेत बाबा, कापूस नाही!”

ऑक्टोबरात आर्विड गेल्यापासून जो तो भेटायला येई, दोन शब्द सांत्वनाचे बोले, आणि दारातून निघता निघता पेट्या विकणार का म्हणून विचारी. मेल्यांना जरा दम नव्हता. सिग्नी ठणकावून नाही म्हणे. पण तिलाही कळत होतं, की या खेपेला माश्या मेल्या तर वसंतात नव्या पेट्या भरायला काही उरणार नाही. आर्विडने उभं केलेलं सगळं तिच्या हातात संपेल. तेवढं मात्र तिला होऊ द्यायचं नव्हतं.

वाद काही मिटेना. शेवटी पेट्या निम्म्या निम्म्या केल्या. आयनार निघाला खाली, सिग्नी वर.

वायोमिंगच्या वेशीवर, शायेनला तिने डिझेल भरलं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पश्चिमेकडून आलेल्या ट्रकांची तोंडं बघत उभी राहिली. हवामानवाले काय वाटेल ते सांगोत, खरं काय ते ट्रकच्या नाकावर लिहिलेलं असतं. सगळ्यांच्या नाकावर हातभर बर्फ थापलेला होता. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने खिडकीची काच खाली केली.

“मधमाश्या का, बाई?”

“हो. जाऊ का?”

“जायचं तर आत्ता जा. नाहीतर उन्हाळ्यात.”

ती गेली. लॅरमीच्या पुढे वाऱ्याने ट्रकला असे काही धक्के दिले, की तिने वायोमिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि स्टिअरिंग सोडलं नाही. रॉलिन्सला मात्र रस्त्यावर आडवा दांडा पडलेला. पुढचा महामार्ग बंद. कधी उघडणार? देवाला ठाऊक. दोन रात्री तिने ट्रकमध्येच काढल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आयनारचा फोन. “काय वहिनी, गोठलीस का? मी अ‍ॅरिझोना पार केलं. इकडे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत!”

“फिरू देत,” सिग्नी म्हणाली. “तू पेट्यांकडे बघ.” पण फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली. आयनारचंच बरोबर निघालं तर?

दुपारी पुन्हा फोन वाजला तेव्हा आयनारचा आवाज ओळखू येईना.

“पुढे दोन ट्रक धडकलेत. तासभर जागचा हललो नाहीये. ऊन नुसतं आग ओकतंय, वहिनी. बाहेर पडायला लागल्यात. ढगच्या ढग! काय करू?”

‘मी सांगत होते’ हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण त्याच्या ट्रकवर कोणाच्या माश्या होत्या? तिच्याच ना!

“अपघाताला अग्निशमनवाले आलेत का?”

“आलेत.”

“पळ. त्यांच्या पाया पड. जाळीवर पाणी मारायला सांग, सगळीकडून. पाऊस आला समजून आत जातील. पळ म्हणते ना!”

फोन चालूच होता. लोकांची आरडाओरड, कोणाला तरी माशी चावल्याची शिवी, मग पाण्याचा आवाज. सिग्नी डोळे मिटून ऐकत राहिली. किती वेळाने कोण जाणे, आयनार परत बोलला.

“बसल्या. बऱ्याचशा आत बसल्या. रस्ताही मोकळा झाला, पोलीस निघा म्हणतोय. पण बाहेर अजून खूप आहेत गं. जाळीवर धडकतायत, आत यायला बघतायत. दादाच्या माश्या आहेत. अशा टाकून जाऊ?”

“थांबलास तर आतल्याही निघतील.”

“मला नाही जमत, वहिनी.”

“गाडी सुरू कर.”

इंजिन घरघरलं. “मागे येतायत,” तो म्हणाला. “अगं, ट्रकच्या मागे उडत येतायत!”

आर्विडच्या दफनाच्या दिवशी लोकांनी सिग्नीला दोन्ही दंडांना धरून गाडीत बसवलं होतं, आणि ती मागच्या काचेला गाल लावून दफनभूमीकडे बघत राहिली होती. तेव्हापासून मनाने ती तिथेच होती, घरी आलीच नव्हती.

“आरशात बघू नकोस, आयनार,” ती म्हणाली. “जे मागे राहिलं ते राहिलं. आत आहेत त्यांना पोचव. पुढे बघ आणि चालव.”

पलीकडे आयनार मोठ्याने रडत होता. इकडे तीही रडत होती, लपवायचं कोणापासून होतं. एकेक गिअर पडल्याचं तिला फोनमधून ऐकू येत होतं, आणि त्याच्या ट्रकने पुरता वेग धरेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.