दोनशे तेरा वाक्यं

दुरुस्तीवालीने रॅमची पट्टी काढली, खोडरबराने तिच्या पिवळ्या कडा घासल्या आणि पुन्हा खाचेत दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू केला. चिन्ह आलं, ठिपके गोल फिरले, पडदा काळा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

"मंगळवारी संध्याकाळी मी बहिणीकडून आले, तेव्हापासून हेच," मास्तरांची बायको म्हणाली. "जावयांचा प्रताप. रविवारी तासभर बसले होते याच्यासमोर. आज फोन करून चांगलं सुनावते."

मास्तर खिडकीशी बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्याआधी आठ दिवस खपून त्यांनी दोनशे तेरा वाक्यं या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती. यादीतल्या वाक्यावर क्लिक केलं की ते त्यांच्या आवाजात ऐकू यायचं. 'चहा टाक.' 'पंखा कमी कर.' 'जावयांना काही बोलू नकोस.' तो प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय चालत नव्हता आणि बनवणारा केव्हाच धंदा गुंडाळून गेला होता.

"नवा घ्या म्हणू नकोस हं," बायको म्हणाली. "नव्यात यांचा आवाज कुठून येणार?"

"नव्याचं नाव कोण काढतंय? हा उठल्याशिवाय मी इथून हलत नाही."

पॉवर सप्लाय ठीक होता, हार्ड डिस्कही ठीक. दोन तास गेले. शेवटी तिने मोबाईलवर प्रोसेसरचा नंबर शोधला आणि कपाळावर हात मारला. बिघाड कुठेच नव्हता. कुणीतरी नवी सिस्टीम चढवली होती आणि तिच्या काही आज्ञा या पंधरा वर्षांच्या प्रोसेसरला कळतच नव्हत्या. बिचारा दर वेळी तिथे जाऊन अडत होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "हे आधी बघायला हवं होतं."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

जुनी सिस्टीम दहा दिवस डिस्कवर राखलेली असते. तिने पेनड्राइव्हवरून मागे फिरण्याचा पर्याय उघडला. नवी कधी चढवली, ते पडद्यावर आलं: मंगळवार, दुपारी चार. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते. तिने बटण दाबलं.

अर्ध्या तासाने जुना निळा पडदा उजळला. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग फोन उचलला.

मास्तर लगबगीने उठून माउसशी आले.

"जावयांना काही बोलू नकोस," त्यांचा आवाज खोलीत घुमला.

"का म्हणून?"

त्यांनी यादी खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली नेली. बायको त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने फोन हळूच ठेवून दिला.

"शोधू नका," ती म्हणाली. "'माझंच चुकलं' हे वाक्य भरलंच नाही तुम्ही. मी तेव्हा म्हटलं होतं, तर म्हणालात, ते कशाला लागेल?"

मास्तरांनी माउस बाजूला सारला. मग ते स्वयंपाकघरात गेले. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांनी चहाचं भांडं ठेवलं.