बिनमताच्या बाई

गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून या निवडणुकीला लेडी थॉर्नली मला त्यांच्या गाडीतून मतदानाला घेऊन गेल्या. त्या लॉर्ड्समधल्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातल्या, कुणीही निवडून न दिलेल्या. आणि मी, बर्नार्ड क्लेग, उभा जन्म 'लॉर्ड्स बंद करा' म्हणून बोंबललो.

पण गेल्या हिवाळ्यात सरकारनं एका कायद्याच्या मसुद्यात एक कलम घुसडलं. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बायकोला, मेव्हिसला सांभाळायला घरी येणारी नर्स त्यानं बंदच झाली असती. मी निवडून दिलेल्या खासदारानं पक्षाचा हुकूम ऐकून निमूट मत दिलं. या बाई मात्र वरच्या सभागृहात पुन्हा पुन्हा उभ्या राहून भांडल्या आणि ते कलम गळालं. मेव्हिस शेवटी आपल्याच घरात, माझा हात धरून गेली.

मतदान केंद्राच्या दारात बाईंनी माझ्या कुत्र्याचा पट्टा हातात घेतला.

"आत चला की," मी म्हणालो.

"अहो, लॉर्ड्सवाल्यांना खासदार निवडायला मत नसतं. विसरलात?"

माझं डोकंच फिरलं. "हा कुठला न्याय? बोला, तुमच्या वतीनं कुणाला देऊ?"

"जो लॉर्ड्स बंद करून मला घरी पाठवीन म्हणतो, त्याला."

"आणि त्यानंही असलंच कलम आणलं तर?"

"तर त्याला तुम्ही घरी पाठवाल. मी चुकले असते, तर मला कसं पाठवलं असतंत?"

मी आत जाऊन पेन्सिलनं त्या माणसाच्या नावापुढे मताची फुली मारली. बाहेर आलो आणि जन्मात पहिल्यांदा एका लॉर्डसमोर टोपी काढली.