सकाळची शाळा, पहिली पाळी

जितेंद्रने डिव्हायडरमधल्या कटच्या चार हात अलीकडे कंपनीची बस थांबवली. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून येणाऱ्यांना थोपवलं आणि डाव्या हाताने काचेतून खूण केली, निघा. रस्त्याच्या डाव्या कडेला सात पोरं आपापल्या सायकली धरून उभी होती. त्यांतलं एकही हललं नाही. सगळ्यांच्या पुढे प्रयागबाई होती, हातात तुरीच्या वाळक्या झाडाची तुराटी आणि तुराटीच्या टोकाला लाल कापड. तिने तुराटी पोरांसमोर आडवी धरली, बसकडे पाहिलं आणि मान हलवून उलट त्यालाच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.

"अहो मावशी, तुमच्यासाठीच थांबलो ना!" जितेंद्र डाव्या दाराकडे वाकून ओरडला. "काढा पोट्ट्यायले!"

"तुमी जा, भाऊ. आमी पाहून घेतो."

मागे हॉर्न सुरू झाले. बसमधल्या चाळीस जणांना सातच्या आत कार्ड पंच करायचं होतं. पहिल्या सीटवरचा दुर्गेश उठून उभा राहिला.

"जितूभाऊ, चाला ना. बाई नाही म्हणून राहिली, त काहून अडून बसले?"

मागे कोणीतरी हसलं. जितेंद्रने गिअर टाकला. पोरांच्या रांगेत तिसरी उभी होती ती त्याची मुलगी, अपेक्षा. एरवी बापाची बस दिसली की ती मैत्रिणींना कोपर मारून दाखवायची. आज तिने हँडलवरची नजर वर केली नाही. ते त्याला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

या सगळ्याच्या मुळाशी ऊन होतं. उन्हाळा तापला की नागपुरात शाळा सकाळच्या होतात. साडेदहाची शाळा सातवर येते. निर्णय शहाणपणाचाच, फक्त हिंगण्याच्या रस्त्याला कोणी विचारलेलं नसतं. तिकडे सातलाच एमआयडीसीची पहिली पाळी लागते आणि रात्रपाळी सुटते. मेट्रोचं शेवटचं स्टेशन मागे पडलं की रस्ता मोकळा होतो आणि त्यावरची माणसंही मोकाट सुटतात. कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रक, आणि कार्ड चुकेल या धास्तीने जीव मुठीत घेऊन पळणाऱ्या मोटारसायकली. नेमका तिथेच डिव्हायडरला कट आहे. अलीकडे घरांचं लेआउट, पलीकडे शाळा. वर्षभर साडेदहाला गप्पा मारत जाणारी पोरं उन्हाळ्यात या धबडग्यातून सायकली काढतात.

प्रयागबाई त्या शाळेत खिचडी शिजवायची. तिलाही त्याच वेळी त्याच कटमधून जावं लागे. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या शाळेच्या पहिल्याच दिवशी तिने कडेला घाबरून उभी असलेली चार पोरं पाहिली, त्यांना सायकलवरून उतरवलं आणि आपल्यासोबत चालवत पलीकडे नेलं. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. कोणी नेमलं नव्हतं, कोणी आभारही मानले नव्हते. काम मात्र फार संथ. रस्ता पुरता रिकामा दिसेपर्यंत बाई हलायची नाही, आणि पोरं कधीकधी प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचायची.

हा संथपणा जितेंद्रच्या डोक्यात जायचा. तो चौदा वर्षं कंपनीची बस चालवत होता आणि बसला साधा ओरखडा नव्हता. हे तो सगळ्यांना सांगे, आणि न विचारता सांगे. त्याच्यासारखा ड्रायव्हर रस्ता अडवून उभा असताना एक खिचडी शिजवणारी बाई त्याला हाकलते, हे त्याला दिवसभर पचलं नाही. संध्याकाळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. प्रयागबाई चिंचा फोडत बसली होती.

"मावशी, सकाळी पोट्ट्यायसमोर माझी बेइज्जती केली तुमी."

"मी कुठी केली, बाप्पा?"

"चाळीस माणूस घेऊन थांबलो मी. कोणता बसवाला थांबते, सांगा बरं?"

"कोणीच नाही थांबत. तेच बरं आहे." तिने चिंचोका बाजूच्या टोपल्यात टाकला. "थांबलेली गाडी मले नाही पाहिजे, भाऊ. तिच्याआडून का येऊन राहिलं ते दिसत नाही. पोट्टं तुमच्या बसीसमोरून निघते, अन् बसीच्या उजव्या अंगानं एखादा गाडी हाणत येते. त्याले पोट्टं दिसत नाही, पोट्ट्याले तो दिसत नाही."

"पण मले दिसते ना! आरसा कायच्यासाठी आहे?"

"असंल." ती पुढची चिंच हातात घेत म्हणाली. "मी त पोट्ट्यायले एवढंच सांगून ठेवलं. गाडी थांबलीच, त तिच्या कोपऱ्यावर पुन्हा थांबा. मुंडकं काढून पाहा. मंगच पाय उचला."

"चौदा वर्ष झाले मले, मावशी. तुमी तुराटी घेऊन मले गाडी शिकवून राहिल्या काय?"

"तुमाले नाही गा. तुमाले कोण शिकवते!"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून त्याला आणखीच राग आला.

घरी येऊन त्याने अपेक्षाला समोर बसवलं. त्याची बायको पंचफुला ओट्यापाशी पोळ्या लाटत होती.

"उद्यापासून माझी बस दिसली की तयार राहायचं. मी बस थांबवतो. हात केला की निघायचं, सरळ डिव्हायडरपर्यंत. समजलं?"

"पण प्रयागआजी म्हणते, गाडी थांबली तरी कोपऱ्यावर पुन्हा..."

"ते दुसऱ्याच्या गाडीचं. ही बापाची गाडी आहे."

अपेक्षाने पायाच्या अंगठ्याने फरशीवरचं पीठ पुसलं आणि हळूच "हाव" म्हटलं. पंचफुलाने लाटणं थांबवलं.

"एकाच रस्त्याचे दोन कायदे सांगून राहिले तुमी तिले. गडबडून जाईन ना पोट्टी."

"कायदा एकच. बाप सांगते तो."

पुढचे दोन दिवस प्रयागबाईने बस लांबूनच पुढे काढून दिली. जितेंद्रने ब्रेकवर पाय नेला की तुराटी हलायची, जा, जा. त्यांतल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचफुलाने सांगितलं की प्रयागबाई भाचीच्या लग्नाला काटोलला गेली, परवा येईल, आणि जाताना पोरांना अपेक्षाच्या हवाली करून गेली. सातवीतली अपेक्षा त्यांच्यात सगळ्यांत मोठी होती. पंचफुलाला हे सांगताना धाकधूक होती. जितेंद्र मात्र मनातून खूश झाला, आणि ते त्याला लपवताही आलं नाही.

"चांगलं झालं. उद्या पाहजो, एका मिन्टात पलीकडे."

सकाळी सहा बावन्नला त्याला कट दिसला. पोरं कडेला होती, पुढे अपेक्षा, तिच्यामागे तिसरीतला ऋषी. ऋषीची सायकल थोरल्या भावाची होती आणि सीटवर बसला की त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. जितेंद्रने वेग कमी केला, बस नेमकी जागेवर उभी केली, खिडकीबाहेर हात काढला आणि डावा हात काचेसमोर नाचवला. अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलं. मग सायकल ढकलत ती बसच्या समोर आली. मागून बाकीची पोरं आली. काचेखाली त्याला तिच्या दोन वेण्या दिसल्या आणि दप्तराची निळी पाठ. त्याचा ऊर भरून आला. गेले तीन दिवस गिळलेला अपमान त्या एका क्षणात फिटला असं त्याला वाटलं.

हिंगण्याकडे जाताना सकाळचं ऊन पाठीशी असतं. या दिवसांत पावणेसात ते सात उजव्या आरशात नुसता पांढरा झोत भरतो आणि मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. जितेंद्रला हे पाठ होतं. तेवढ्या पट्ट्यात तो आरशावर विसंबत नसे, खिडकीतून डोकं काढून मागे बघे. त्या सकाळी त्याने डोकं काढलं नाही. तो मुलीकडे बघत होता.

बसच्या उजव्या कोपऱ्याशी येऊन अपेक्षा थांबली.

जितेंद्रने हात केला. ती जागची हलली नाही. त्याने पुन्हा हात केला, जोरात, पंजा पुढे फेकत. तिने मान वर करून काचेतून त्याच्याकडे पाहिलं. हात तिला दिसला होता, यात शंका नव्हती. तरी ती हँडल घट्ट धरून तिथेच उभी राहिली.

"जितूभाऊ, आठ मिन्टं राहिले," मागून दुर्गेश म्हणाला.

चाळीस माणसांसमोर पोटची पोर ऐकत नाही म्हटल्यावर त्याच्या कानशिलात रक्त चढलं. त्याने हॉर्नवर तळहात दाबला आणि दाबूनच ठेवला. अपेक्षा दचकली. तिच्यामागचा ऋषी त्याहून दचकला. काका आपल्यावरच ओरडले असं वाटून त्या पोराने सायकल उचलल्यासारखी केली आणि अपेक्षाच्या पुढून वळसा घालून तो कोपऱ्याबाहेर निघाला.

अपेक्षाने आपली सायकल सोडून दिली. ती खळ्ळकन पडली. तिने दोन्ही हातांनी ऋषीचं कॅरिअर पकडलं आणि अंग मागे टाकलं. त्याच वेळी बसच्या उजव्या अंगाला घासून मोटारसायकल गेली. दोघं होते तिच्यावर. ऋषीच्या हँडलला लटकवलेली पाण्याची बाटली तुटून हवेत उडाली आणि डिव्हायडरवर आपटून फुटली. मोटारसायकल थोडी झोकांडली, सावरली आणि निघून गेली. मागच्याने वळूनही पाहिलं नाही.

जितेंद्रचा हात हॉर्नवरून केव्हा सुटला हे त्याला कळलं नाही. काचेखाली अपेक्षा ऋषीला काहीतरी विचारत होती आणि ऋषी मान हलवत होता. मग तिने आपली सायकल उभी केली, मान लांब करून बसच्या कडेने मागे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात आडवा धरून एकेकाला डिव्हायडरपर्यंत नेलं. तिथे सगळी पुन्हा थांबली. पलीकडच्या रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मग ती गेली. इतक्या वेळात तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याने खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं आणि मगच क्लच दाबला.

"साल्याचा नंबर पाह्यला काय कोणी?" दुर्गेश म्हणाला, आणि मग एकदम सगळीच बोलू लागली. असल्यांना भर चौकात उभं करून फोडलं पाहिजे, लायसन देतंच कोण यांना. सात वाजून तीन मिनिटांनी बस गेटवर पोचली. उतरताना उशीर झाल्याबद्दल कोणी कुरकुरलं नाही. दोघांनी तर जितेंद्रच्या पाठीवर थाप मारली. जितेंद्र समोर बघत बसून राहिला.

पाळीच्या माणसांना घरी सोडून तो साडेचारला घरी आला तोवर लेआउटभर बातमी झाली होती, आणि ती दुर्गेशच्या तोंडून झाली होती. पंचफुला पाइप लावून कूलरमध्ये पाणी भरत होती.

"कोण मुडदा होता तो, ओळखीचा होता काय?" तिने विचारलं. "दुर्गेशभाऊची बायको सांगत होती, जितूभाऊ बस घेऊन आडवे नसते झाले, त आज काही खरं नव्हतं. मले त हातपाय गळाल्यासारखे झाले बाप्पा."

तो शर्टाची बटणं काढायला लागला आणि अर्ध्यातच राहिला. अपेक्षा आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी होती.

"बाबा."

"हं."

"मी तुमचं ऐकलं नाही." ती खाली बघत म्हणाली. "तुमी हात केला, हॉर्न बी मारला. मले वाटलं, तुमाले सारं दिसून राहिलं असंल, म्हणूनच हात करून राहिले. पण माह्या पायानं ऐकलंच नाही. अन् माह्याच्यामुळं ऋषी घाबरून निघाला." तिने मान वर केली. "रागावले काय?"

जाऊ दे, पुढच्या वेळी ऐकजो. हे त्याच्या ओठांवर अगदी तयार होतं. एवढं म्हटलं असतं तर पोर हसली असती, पंचफुलाने चहा टाकला असता. त्याला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

"मले तो दिसला नाही," जितेंद्र म्हणाला.

"कोण?"

"बाईकवाला. आरशात ऊन होतं. मागं पाहाले पाहिजे होतं, मी पाह्यलंच नाही. तसाच हात केला."

कूलरची टाकी भरली. पाणी कडेवरून सांडून फरशीवर पसरू लागलं, आणि पंचफुला पाइप हातात धरून तशीच उभी राहिली. अपेक्षा बापाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काही समजल्याचं दिसलं नाही, मग दिसलं.

"तू ऐकलं असतं, त..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "उद्या माझी बस दिसली, त दुसऱ्या कोणत्याबी बसीसारखीच समजजो. तिथं मी तुहा बाप नाही."

ती दारातून एक पाऊल पुढे आली.

"तुमी हात केला तरी?"

"हात केला तरी."

त्याने शर्टाची बटणं परत लावली, पायात चपला सरकवल्या आणि ऋषीच्या घराकडे निघाला. त्याच्या आईला अजून खरं काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं.