पाचव्या थरातली अंगठी

"'ताम्र' म्हणजे तांबं, 'पाषाण' म्हणजे दगड," पुरातत्त्वज्ञ अभिमन सर माईकवर सांगत होते. "इंग्रजी नावही तसंच, ग्रीकवरून आलेलं. खाल्कोस म्हणजे तांबं, लिथोस म्हणजे दगड. माणूस दोन्ही वापरायचा तो काळ, ताम्रपाषाणयुग. आम्हाला तापीकाठी दोन्ही एकाच थरात सापडलं, पाचव्या."

काचेच्या पेटीत दगडी पाती होती आणि मधोमध हिरवट पडलेली, सरळ कापलेली अर्धी अंगठी. त्या थरातलं तांबं काय ते एवढंच, आणि सरांचं सगळं नाव त्याच्यावर उभं.

धुळ्याच्या त्या सभागृहात गुंताबाई पहिल्या रांगेत बसली होती. सव्वीस वर्षांपूर्वी त्या खोदकामावर ती माती चाळायची. आज जुनी मजूर म्हणून तिचा सत्कार होता.

तिचा नवरा रोहिदास तिथेच टिकाव चालवायचा. खोदकामात सापडलेला एक मणी हरवला आणि सरांनी त्याला चोर म्हणून गावासमोर कपडे काढायला लावले. आठवड्याने मणी सरांच्याच जीपमध्ये सापडला. ड्रायव्हरने तिच्या कानावर घातलं. सरांनी गावात चकार शब्द काढला नाही. तोवर रोहिदास तोंड लपवून सुरतेला गेला होता. तो परत आला नाही, त्याच्या मरणाची खबर आली. गुंताबाईने त्या दिवसापासून सरांना एकदाही माफ केलं नाही.

सर शाल घालायला वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "साहेब, मना माणूस चोर नव्हता, इतलं माईकमा सांगा."

सर हसले. आता सांगायला त्यांचं काय जात होतं?

"यांचे पती रोहिदास अत्यंत प्रामाणिक होते," ते माईकवर म्हणाले. "तो मणी माझ्याच गाडीत सापडला होता."

टाळ्या पडल्या. गुंताबाईने त्या थांबू दिल्या. मग तिने माईक ओढून घेतला.

"आते मना माणूसनी अंगठी द्या."

"कोणती अंगठी, आक्का?"

"ती. बोट सुजनं तवय सोनारनी कापी, दोन तुकडा करीसन. तो सुरतले गया, मंग एक तुकडा मीनीच पुरीसन ठेवा व्हता तुमना पाचवा थरमा."

सर पुन्हा हसायला गेले. त्या सरळ कापावर त्यांच्या पुस्तकात दोन पानं होती, प्राचीन कारागिराच्या कसबावर.

गुंताबाईने पदराची गाठ सोडली. उरलेला अर्धा तुकडा पेटीच्या काचेवर ठेवला, आतल्या तुकड्याच्या बरोब्बर वर. मागच्या रांगेतली पोरं उठून पाहू लागली.

सर खिशात पेटीची किल्ली चाचपत राहिले. गुंताबाईने शाल काढली, नीट घडी करून त्यांच्या खुर्चीवर ठेवली, आणि तळहात पुढे करून उभी राहिली.