दांड्यावरची चुंबळ

मिलमालक व्यंकटरावांनी पंचफुलाची चुंबळ स्वतःच्या हातानं मेन स्विचच्या दांड्यावर अडकवली आणि पाहुण्या साहेबाकडं वळले. केरबा मिस्त्री तेलाचा डबा घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.

“यंत्रात उतरणाऱ्यानं आपली वस्तू इथं अडकवायची,” मालक सांगत होते. “बायांनी चुंबळ, गड्यांनी रुमाल. ज्याची त्यानंच काढायची. तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. ही अक्कल आमच्या पंचफुलाबाईची.”

साहेबानं मान डोलावली. लातूर जिल्हा झाल्यापासून अशा साहेबांची ये-जा वाढली होती. डाळमिलच्या दारात तुरीच्या गाड्या कमी आणि जीपगाड्या जास्त, असं ते दुष्काळाचं वर्ष होतं.

“आणि हे?”

“हा मिस्त्री,” मालक म्हणाले आणि पुढं चालू लागले.

केरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. उभी हयात या मिलच्या पट्ट्यांत गेली होती. मागं शिवप्पा गडी यंत्रात उतरलेला असताना कुणीतरी स्विच टाकला आणि त्याची बोटं गेली. तेव्हा मालकांनी सगळ्यांना अंगणात बसवून विचारलं, यंत्रापाशी तुम्ही असता, उपाय तुम्हीच सांगा. केरबा गप्प बसला. मालक आपल्याला बाजूला घेऊन विचारतील, याची त्याला खात्री होती. तेवढ्यात डाळ निवडणारी पंचफुला उठली आणि डोक्यावरची चुंबळ काढून दाखवत बोलली. घागरीखालच्या फडक्यावर बाई मोठी झाली. हे त्याला जेवताना आठवे, अंथरुणावर पडल्यावर आठवे. उपाय चांगला आहे हे त्यालाही कळत होतं, म्हणून तर ते जास्तच झोंबत होतं.

बाकीचे सगळे रुमाल अडकवू लागले. केरबा काही अडकवत नसे.

“मिस्त्रीला चुंबळीची गरज न्हाई,” तो म्हणे.

त्याच दुपारी डाळ वर नेणारा बादल्यांचा पट्टा अडकला. केरबानं दांडा ओढून यंत्र बंद केलं, पट्ट्याखालच्या खड्ड्याच्या तोंडाशी चपला काढल्या आणि खाली उतरला. दांडा मोकळाच राहिला. बाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला, तशा बाया घागरी घेऊन फाटकाकडं पळाल्या. खाली चुणीचा, डाळीच्या चुऱ्याचा, गच्च थर बसला होता. केरबा खांद्यापर्यंत हात घालून तो उकरत राहिला. वाटलं त्यापेक्षा वेळ लागला.

वर आला तेव्हा दांड्यावर चुंबळ होती. विटक्या हिरव्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. कुणाची ते सगळ्या मिलला ठाऊक होतं. पोती भरणारा विरूपाक्ष समोर उभा होता. केरबाला बघून तो चपापला.

“तुम्ही होता व्हय खड्ड्यात? मी च्या पिऊन आलो, स्विच टाकणारच होतो. चुंबळ दिसली. म्हटलं, पंचफुला आत हाय.”

केरबानं आपल्या चपलांकडं पाहिलं. फाटकाकडं जाणाऱ्या वाटेवरच त्या पडल्या होत्या. टँकरकडं पळताना पंचफुलानं त्या पाहिल्या असणार.

“काढू का आता? लई वेळ झाला,” विरूपाक्षानं हात पुढं केला.

“हात लावू नको.” केरबा मधे आला. “ज्याची त्यानं काढायची.”

मिल बंद ठेवून दोघं थांबले. पंचफुला आली ती उघड्या डोक्यावर घागर तोलत. पाणी हिंदकळून तिच्या मानेवरून पाठीवर ओघळत होतं. एरवी ती थेंब सांडू देत नसे. तिनं घागर खाली ठेवली, चुंबळ काढली, झटकली.

“झालं का, मिस्त्री?”

“हाव.”

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर उचलली आणि ती गेली. केरबानं स्विच टाकला.

संध्याकाळी घरी नागुबाई भाकरी थापत होती. केरबानं वलणीवरून तिचं जुनं लुगडं ओढलं आणि बायकोपुढं ठेवलं.

“याची एक चुंबळ वळून दे.”

“आता पानी तुम्ही आननार का काय?”

“मिलमधी लागती.”

नागुबाईनं हात धुतले आणि लुगड्याची पट्टी फाडली. केरबा तिच्यासमोर उकिडवा बसून तिचे हात बघत राहिला. पहिला वेढा पडला, दुसरा पडला.

“अजून जाड वळ,” तो म्हणाला. “पंचफुलाच्या चुंबळीपेक्षा मोठी दिसली पाहिजे.”